श्वास पेशंटचा, राखण आपली

पोरी, तू रेस्पिरेटरी थेरपी शिकायला निघालीस, पण वाडी रत्नागिरीत विचारशील तर 'म्हणजे नर्सिंगच ना?' असंच ऐकायला मिळेल. त्यांना सरळ सांगत जा. ज्याला स्वतःहून पुरेसा श्वास घेता येत नाही त्याला मदत द्यायची, आणि ती मदत जमेल तितक्या लवकर काढून घ्यायची, हे माझं काम. व्हेंटिलेटर, बायपॅप, ऑक्सिजन, नेब्युलायझर, रक्तातल्या वायूंची तपासणी ही त्या कामाची हत्यारं.

मी कोल्हापुरात आयसीयूत सिस्टर म्हणून नोकरी केली. आमच्या वेळी श्वासासाठी वेगळा माणूस नसायचा. भूल देणारे डॉक्टर आणि आम्ही सिस्टर मिळून सगळं निभावायचो. म्हणून असा माणूस खाटेजवळ असला की काय फरक पडतो, हे मला नीट ठाऊक आहे. हाताखालून गेलेलं उपयोगाचं तेवढं तुला देते. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट धर: श्वास पेशंटचा आहे, मशीनचा नाही. मशीन लावलं त्याच दिवशी ते काढायचा विचार सुरू झाला पाहिजे.

कॉलेजच्या इमारतीआधी खाटा बघ

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी असलं की या पदवीचा रस्ता उघडतो. बहुतेक ठिकाणी चार वर्षं, त्यात शेवटी इंटर्नशिप. महाराष्ट्रात हा कोर्स मोजक्या जागी आहे. पुण्यात सिम्बायोसिसच्या मेडिकल टेक्नॉलॉजीच्या पदवीत ही शाखा आहे, आणि कर्नाटकात मणिपालला हे शिक्षण बरीच वर्षं चालू आहे. प्रवेश घेण्याआधी चार प्रश्न विचार. कॉलेजच्या दवाखान्यात आयसीयूच्या खाटा किती? नवजात बाळांचा वेगळा आयसीयू आहे का? फुप्फुसांच्या तपासणीची लॅब चालू आहे की कुलपात? आणि पदवीच्या कागदावर कोणत्या विद्यापीठाचं नाव छापलेलं असेल?

२०२१ साली संसदेनं अलाईड आणि हेल्थकेअर प्रोफेशनच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आहे. अलाईड प्रोफेशनलसाठी किमान २००० तासांचं आणि हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३६०० तासांचं शिक्षण त्या कायद्यात सांगितलंय. तेव्हा सहा महिन्यांत सर्टिफिकेट देणाऱ्या जाहिरातीला भुलू नको. परदेशाचं म्हणशील, तर आखाती देशांत कागदांची पडताळणी आणि परीक्षा देऊन जाता येतं. अमेरिकेत मात्र तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातून शिकल्याशिवाय परीक्षेलाच बसता येत नाही. एजंट काही वेगळं सांगत असेल तर लेखी माग.

श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट

ही सवय तू कॉलेजला जायच्या आधीच लावून घे. चैत्रात आपल्या डोंगरावरच्या यात्रेत गायमुखाच्या वाटेनं चढून आलेली माणसं पायऱ्यांवर टेकतात, तेव्हा त्यांच्याकडे बघ. कोण गुडघ्यावर हात रोवून पुढं वाकलंय, कोणाच्या गळ्याच्या शिरा ताठल्यात, कोणाच्या नाकपुड्या फुलल्यात. कोण 'चांगभलं' एका दमात म्हणतं आणि कोणाला मध्ये थांबावं लागतं. ही सगळी लक्षणं पुस्तकात येतील, पण डोळ्याला ती डोंगरावरच शिकवता येतील.

स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. तीसच्या पुढं गेले की डॉक्टरांना हाक मारायची. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणं ही पळवाट आहे, कारण आजारी माणसाचा श्वास एकसारखा चालत नाही. आणि मोजतेस हे त्याला कळू देऊ नको. नाडी धरल्यासारखं मनगट धर आणि नजर छातीवर ठेव. आपला श्वास कोणी मोजतंय म्हटलं की माणूस तो बदलतो.

डोंगराचंही गणित समजून घे. आपलं देऊळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फुटांवर आहे. इथल्या हवेत ऑक्सिजन कोल्हापूरइतकाच, २१ टक्के. समुद्रकाठापेक्षा फक्त हवेचा दाब साधारण एक दशांशानं कमी. चांगल्या माणसाला एवढ्यानं काही होत नाही, त्याला लागते ती चढाची धाप. इथं बसूनही जो दहा मिनिटांत शांत होत नाही, त्याच्या फुप्फुसाकडं किंवा हृदयाकडं बघायला पाहिजे.

बोटावरच्या आकड्याची खात्री कर

पल्स ऑक्सिमीटर आता घराघरांत आलाय, आणि त्याचा आकडा देववाणी समजण्याची सवयही. बोटाला गुलाल, मेंदी, नेलपॉलिश असेल, हात गार पडला असेल, तर आकडा चुकतो किंवा उमटतच नाही. आधी बोट पूस, चोळून गरम कर, मग लाव. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, हेही ध्यानात ठेव. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा बंद खोलीतली कोळशाची शेगडी यांतून आलेला माणूस बेशुद्ध असतो आणि आकडा मात्र ९९. रक्तात ऑक्सिजनच्या जागी कार्बन मोनॉक्साइड बसलेला असतो आणि यंत्राला तो फरक कळत नाही.

प्रत्येकाला शंभराकडं न्यायचंही नाही. बहुतेकांना ९४ ते ९८ पुरतं. सीओपीडी या श्वासनळ्यांच्या जुनाट आजाराच्या पेशंटला ८८ ते ९२. त्याला जास्त ऑक्सिजन दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगतो, आणि नातेवाईक म्हणतात 'आता कसा शांत झोपला'. ती झोप चांगली नव्हे.

सिलिंडरचा हिशेब तोंडपाठ पाहिजे

मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर ऑक्सिजन मावतो, रुग्णवाहिकेतल्या बी टाइपमध्ये १५००. काटा भरलेला असताना साधारण १५० वर असतो. काटा निम्म्यावर आला म्हणजे माल निम्मा. मिनिटाला १० लिटर चालू असेल तर भरलेला बी टाइप अडीच तास पुरतो, निम्मा सव्वा तास. एरवी डोंगरावरून कोल्हापूरला पोहोचायला हे पुष्कळ झालं. यात्रेच्या गर्दीत गाडी घाटातच अडकली तर पुरणार नाही. म्हणून लागणारा वेळ काढायचा, दुप्पट करायचा, आणि तेवढा ऑक्सिजन असल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

२१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पाइपातला दाब पडला आणि वीसहून अधिक पेशंट गेले. पाइपलाइन असली तरी बॅकअप सिलिंडर कुठं आहे, त्याची चावी कुणाकडं आहे, हे ड्यूटीवर आल्या आल्या बघायचं. सिलिंडरला तेल, ग्रीस, उदबत्ती, काडेपेटी यांच्या जवळ जाऊ द्यायचं नाही.

मात्रा वजनावर नाही, उंचीवर

व्हेंटिलेटरनं एका वेळी किती हवा द्यायची हे ठरवताना नवे लोक पेशंटचं वजन विचारतात. समज, तालमीतला पैलवान आला. उंची १७० सेंटिमीटर, वजन ११० किलो. त्याची मात्रा ११० किलोवर काढायची नाही. पुरुषासाठी सूत्र असं: उंचीतून १५२.४ वजा करायचे, ०.९१ नं गुणायचं, त्यात ५० मिळवायचे. बाईसाठी ५० च्या जागी ४५.५. पैलवानाचं उत्तर येतं ६६ किलो. किलोमागं ६ मिलिलिटर धरले तर एका श्वासाला सुमारे ४०० मिलिलिटर. वजनावर काढलं असतं तर ६६० झाले असते आणि सुजलेलं फुप्फुस त्या दाबानं आणखी फाटलं असतं. फुप्फुस हाडांच्या सापळ्याबरोबर वाढतं, खुराकाबरोबर नाही.

हे अंदाजाचं बोलणं नव्हे. २००० साली अमेरिकेत गंभीर फुप्फुसविकाराच्या ८६१ पेशंटवर अभ्यास झाला. किलोमागं १२ ऐवजी ६ मिलिलिटर दिल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं. म्हणून तुझ्या खिशात मोजपट्टी पाहिजे. झोपलेल्या माणसाची उंची टाचेपासून डोक्यापर्यंत स्वतः मोज, केसपेपरवर लिहिलेल्या अंदाजावर जाऊ नको. आणि श्वास भरून थांबवल्यावरचा दाब ३० सेंटिमीटर पाण्याच्या वर जाऊ देऊ नको.

अलार्म वाजला की आधी छाती बघ

अलार्मचं बटण दाबून आवाज बंद करणं हे काम नव्हे. छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलते का, ओठांचा रंग कसा आहे, हे आधी बघ. पेशंट ढासळत असेल तर मशीन सोडव आणि अँब्यू बॅगनं हातानं श्वास दे. मग चार कारणं क्रमानं तपास. नळी सरकली का? नळी तुंबली का? फुप्फुसाबाहेर हवा साठली का? का मशीनमध्येच बिघाड आहे? हातानं बॅग सहज दाबली गेली आणि पेशंट सुधारला, तर दोष मशीनचा. बॅगही कडक लागली, तर दोष नळीत किंवा छातीत.

हाताच्या या बॅगेला कधी कमी लेखू नको. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्यांसाठी पुरेशी यंत्रं नव्हती. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं गळ्यात नळी घालून हातानं बॅग दाबायची पद्धत सांगितली, आणि सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे बॅग दाबत बसले. आज ज्याला आपण आयसीयू म्हणतो त्याची सुरुवात तिथून झाली. तुझ्या प्रत्येक व्हेंटिलेटरशेजारी चालू स्थितीतली बॅग आणि मास्क टांगलेला असलाच पाहिजे.

नळीची निगा

ओठापाशी नळी किती सेंटिमीटरवर आहे हे दर पाळीला वाचून लिही. बाईला साधारण २१, पुरुषाला २३. नळीभोवतीच्या फुग्याचा, म्हणजे कफचा, दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका, आणि तो मीटरनं मोजायचा, फुगा बोटानं दाबून नाही. सक्शन घड्याळ बघून करायचं नाही, आत कफ आहे असं दिसलं किंवा ऐकू आलं तरच. आधी ऑक्सिजन वाढव, पंधरा सेकंदांच्या आत बाहेर ये, आणि सक्शनची नळी श्वासनळीतल्या ट्यूबच्या निम्म्यापेक्षा जाड घेऊ नको. खाटेचं डोकं ३० ते ४५ अंशांवर ठेव. पाइपात साठलेलं पाणी पेशंटच्या तोंडाकडं कधी उलटू देऊ नको, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

रक्तातल्या वायूंसाठी धमनीतून रक्त काढलंस की सिरिंजमध्ये बुडबुडा राहू द्यायचा नाही, नमुना लगेच तपासायचा, आणि त्या क्षणी किती ऑक्सिजन चालू होता ते चिठ्ठीवर लिहायचं. त्याशिवाय त्या रिपोर्टला अर्थ नाही.

हलता न येणाऱ्याला सगळं ऐकू येतं

आपल्या भागात मण्यार चावलेले पेशंट येतात. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, मग मान, मग श्वास. हा माणूस व्हेंटिलेटरवर निपचित पडलेला असतो, बाहुल्याही हलत नाहीत, तरी आतून पूर्ण जागा असू शकतो. त्याच्या खाटेपाशी 'आता काही खरं नाही' असं कुणालाही बोलू देऊ नको. सक्शनच्या आधी त्याच्या कानाशी सांग, 'दादा, नळी साफ करते, दोन क्षण त्रास होईल.' विषाचा जोर उतरेपर्यंत श्वास चालू ठेवला, तर ही माणसं बहुधा उठून घरी जातात.

कीटकनाशक पोटात गेलेल्यांची गोष्ट वेगळी. सुरुवातीचा जोर उतरतो, पेशंट बोलायला लागतो, सगळे निर्धास्त होतात, आणि २४ ते ९६ तासांच्या दरम्यान श्वासाचे स्नायू ढिले पडतात. याची पहिली खूण मानेत दिसते. म्हणून दर पाळीला त्याला उशीवरून मान उचलायला सांग. एका श्वासात वीसपर्यंत आकडे म्हणायला लाव. जमलं नाही तर डॉक्टरांना तेव्हाच बोलव, सकाळच्या राउंडची वाट बघू नको.

काम काय करता, हे विचार

दमा, सीओपीडी ही नावं केसपेपरवर लिहिलेली असतात. त्यामागचं कारण तुला विचारून काढावं लागेल. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वाळूची धूळ, ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस. इचलकरंजीकडं सुताचे तंतू, सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते म्हणणारा कामगार नीट ऐकून घे. पन्हाळा, करवीरच्या गुऱ्हाळांवर चुलाणाचा धूर, आणि बुरशी आलेल्या चिपाडाच्या धुळीचा वेगळाच आजार. ज्या बाईनं आयुष्यात विडी ओढली नाही तिला सीओपीडी झाला, तर ती किती वर्षं चुलीपुढं बसली ते विचार. गुलालाच्या दुकानावर बसणारे आपलेच लोक आहेत, त्यांनाही यात्रेच्या दिवसांत नाकाला फडकं बांधायला सांग.

जे बघशील ते वहीत लिही. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर कोकणात विंचू चावलेल्या पेशंटांच्या खाटेशी बसून निरीक्षणं लिहीत राहिले. विषानं हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं, त्यावर प्राझोसिन ही साधी गोळी उपयोगी पडते, हे त्यांनी जगाला दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लहान गावातून मोठं काम होतं, वही मात्र लागते.

रोज सकाळी विचार: आज सुटेल का?

हे तुझं खरं काम. ज्या आजारानं मशीन लागलं तो सावरला का, पेशंट जागा आहे का, खोकतो का, ऑक्सिजनची गरज उतरली का? उत्तर होय असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीनं मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा ते दोन तास त्याला स्वतःचा श्वास घेऊ दे. एक सोपं गणित आहे. मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासातली हवा, लिटरमध्ये. २४ श्वास आणि ०.४ लिटर असेल तर उत्तर ६०, आशा आहे. ३६ श्वास आणि पाव लिटर असेल तर १४४, आज नको. १०५ च्या खाली आलं की पुढं जायला हरकत नाही. आकडा चांगला असूनही माणूस घामानं भिजला असेल, तर माणसाचं ऐक. आज जमलं नाही म्हणून उद्या विचारायचं सोडू नको. विनाकारण मशीनवर गेलेला प्रत्येक दिवस स्नायू आणखी कमजोर करतो आणि न्यूमोनियाला आणखी एक दिवस देतो.

माणसं सांभाळ

'मशीनवर टाकलं म्हणजे संपलं', हे बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या मनात पक्कं असतं. निदान आणि पुढचा अंदाज डॉक्टरांनी सांगायचा, तो तू सांगू नको. पण मशीन काय करतं, नळीमुळं बोलता का येत नाही, हात का बांधलेत, हे तू साध्या शब्दांत सांगू शकतेस. सिस्टरशी वाद घालू नको. वॉर्डातल्या मामा-मावशींना नावानं हाक मार, पेशंट कधी अस्वस्थ झाला हे सगळ्यांत आधी त्यांना कळतं. हिपॅटायटिस बी ची लस घे, टीबीच्या पेशंटजवळ एन-९५ मास्कशिवाय जाऊ नको, आणि रात्रपाळीनंतर स्वतः गाडी चालवत घाट चढू नको.

पंप ओढायला शिकव

दम्याचा पंप घेणारी माणसं आपल्या गावात घरोघर आहेत, आणि बहुतेकांना तो नीट ओढता येत नाही. दाबायच्या पंपाची रीत अशी: टोपण काढ, हलव, श्वास पूर्ण बाहेर सोड, मग सावकाश आत घेता घेता दाब, दहा सेकंद रोखून धर, दुसऱ्या मात्रेआधी अर्धा-एक मिनिट थांब. स्पेसर लावला तर म्हाताऱ्यांना आणि मुलांना सोपं जातं. कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्राचं उलटं, तिथं श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो. ही दोन यंत्रं लोक एकाच पद्धतीनं वापरतात, आणि औषध घशात राहतं. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. 'पंपाची सवय लागते' ही भीतीही काढ. पंपात औषध थोडं लागतं आणि ते नेमकं जागेवर जातं.

यासाठी पदवीची वाट बघू नको. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी आलीस की एक सकाळ काढ, आळीतल्या सगळ्यांना आपापला पंप घेऊन बोलव आणि एकेकाला समोर ओढून दाखवायला सांग. औषध आणि मात्रा डॉक्टरांची, ती बदलायची नाही, फक्त ओढायची रीत सुधारायची. ज्यांनी औषधाला पैसे मोजलेत त्यांच्या फुप्फुसात ते पोहोचलं पाहिजे, आणि हे काम तुला पहिल्याच वर्षी करता येईल.